उजवलेला हात

दिलदार शिकलगाराने काळं फडकं डोक्यावर ओढून घेतलं, भिंग जरा मागं सरकवलं, आणि कॅमेऱ्याच्या धूसर काचेवर त्याला त्याचा बाप दिसला. उलटा दिसला, डोकं खाली आणि पाय वर. पण उलटेपणाचं त्याला काही वाटलं नाही. छपाईचे ब्लॉक करणाऱ्या माणसाला सगळं जग आधी असंच दिसतं. मंत्र्यांचे फोटो, साबणाच्या जाहिराती, लग्नपत्रिकांवरचे गणपती, सगळे त्या काचेवर पाय वर करूनच यायचे, आणि इतक्या वर्षांत दिलदारची नजर त्याला अशी मुरली होती की रस्त्यावरून सरळ चालणारी माणसंच त्याला कधीकधी चुकीची टांगल्यासारखी वाटत. धसका बसला तो वेगळ्याच गोष्टीचा. बापाचा जन्मात कुणी फोटो काढला नव्हता. गंगावेशीच्या पुढं, कबरस्तानाच्या कोपऱ्यात त्याच्या मातीवर आता गवतसुद्धा जुनं झालं होतं. आणि तो इथं, लक्ष्मीपुरीत, हंबीररावांच्या छापखान्याच्या मागच्या खोलीत, दोन दिव्यांच्या भगभगीत उजेडात धारेच्या चाकावर वाकून उभा होता. पाठीचा बाक तोच. एक पाय पुढं, एक पायटीवर, तेही तसंच. आणि सुरी डाव्या हातात होती.

फडक्यातून डोकं बाहेर काढून त्याने समोर टाचलेलं चित्र सरळ पाहिलं. बाप नव्हता, हे तर उघडच होतं. डोक्यावर फाटकी टोपी, अंगात कसलासा डगला, मागं विटांची घरं. सयाजी मास्तरांनी आणलेल्या पुस्तकातलं ते धारवाल्याचं सुटं चित्र. हे मास्तर म्हणजे एका हायस्कुलातले ड्रॉइंगचे शिक्षक. हंबीरराव दरसाल दिवाळी अंक काढायचे आणि मास्तर दरसाल त्यात कलेवर काहीतरी लिहायचे, जे हंबीरराव स्वतः कधी वाचत नसत. यंदा त्यांनी हॉलंडातल्या जुन्या छापांवर लिहिलं होतं. तीनशे वर्षांपूर्वीची चित्रं, तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेली, आणि त्यात ना राजा ना देव. नुसती कामाची माणसं. एक म्हातारी चुलीपुढं बसून घावनासारखं काही घालत होती. एक चांभार तळ ठोकत होता. एक बाई चरख्यावर, एक न्हावी कुणाच्यातरी हनुवटीवर, एक बाई मासळी विकत होती. "किरकोळ माणसं रे सगळी," मास्तर पुस्तक देताना म्हणाले होते, "पर कशी बसवल्यात बघ. आपल्या पापाच्या तिकटीच्या बाजारातली वाटत्यात."

दिलदारने पुस्तक पुन्हा उघडलं. मग त्याला जे दिसलं ते सकाळी दिसलं नव्हतं. म्हातारीची पळी डाव्या हातात होती. चांभाराची हातोडी डाव्या हातात. न्हाव्याचा वस्तराही डावीकडंच. एखादा सोडला तर सगळे डावरे. पानं उलटता उलटता त्याच्या छातीत काहीतरी सैल होत गेलं. असा एक मुलूख होता तर. एक सबंध गाव, जिथं म्हातारी डाव्या हाताने वाढत होती आणि खाणारी पोरं ताटाकडं टक लावून बसली होती, तोंड वाकडं न करता. जिथं कुणाचा हात कुणी बांधला नव्हता. त्याला एकदम कुलसुमची आठवण झाली, आणि सैल झालेलं ते पुन्हा आवळलं गेलं.

कुलसुम त्याची सहा वर्षांची लेक. ती डावरी निघाली हे घरात सगळ्यांना ती रांगत असल्यापासून ठाऊक होतं, पण शाळेत पाटीवर डाव्या हाताने लिहिलं तेव्हा बाईंनी निरोप धाडला आणि मग त्याची गोष्ट झाली. दिलदारची आई मदिनाबी तो निरोप ऐकून उठली. दुपारी तिने तिची ट्रंक उघडली, तळातून एक चामड्याची वादी काढली, तिला खोबरेल तेल चोळलं आणि पोरीचा डावा हात कमरेशी बांधून टाकला. जेवताना आणि पाटीवर लिहिताना. बाकी वेळ मोकळा. दिलदार संध्याकाळी घरी आला तेव्हा त्याला वादी दिसायच्या आधी तिचा वास आला. तेलाचा, घामाचा, आणि दगडाच्या ओल्या भुकटीचा. इतकी वर्षं ट्रंकेत राहून वास गेला नव्हता. त्याच्या डाव्या मनगटावर, हाडाच्या वर, एक फिकट पट्टा होता. तो त्या वासाने खाजायला लागला.

"अम्मा, ही क-कशाला काढली?"

"मग काय करू?" मदिनाबी म्हणाली. "पोरीची जात हाय. उद्या सासरी डाव्या हातानं वाढाय लागली तर तिच्या सासूनं माझं नाव काढायचं. पोर उजवायची हाय नव्हं? मग आदी हात उजवाया पायजे."

मेहमुदा, दिलदारची बायको, चुलीपुढून म्हणाली, "मला काय बगवतंय व्हय? पर त्या खरं बोलत्यात." आणि मग ती भाकरी थापायला लागली, नेहमीपेक्षा जोरात. त्यावर दिलदारला पुष्कळ बोलायचं होतं. पण त्याची जीभ अशी, की बोलणं महत्त्वाचं असलं की पहिल्याच अक्षराला अडून बसायची, आणि समोरचा माणूस सभ्यपणे दुसरीकडं बघायला लागायचा. तो जेवला. कुलसुम त्याच्या शेजारी बसून उजव्या हाताने घास उचलत होती. भात अर्धा ताटात, अर्धा फ्रॉकवर. बांधलेल्या हाताची बोटं मात्र कमरेपाशी आपोआप जुळत होती, घास करत होती. त्याने ते पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. त्याला पंधरवडा उलटून गेला होता, आणि त्याने रोज न पाहिल्यासारखं केलं होतं.

आता दिव्यांच्या आचेत उभा राहून त्याने चित्राचा फोटो फिल्मवर घेतला. हात आपले काम करत होते. हे चित्र जसं आहे तसं कागदावर यायचं तर जस्ताच्या ब्लॉकवर ते उलटं असावं लागतं, रबरी शिक्क्यावरच्या अक्षरांसारखं. म्हणून मधे एकदा फिल्म पालथी घालायची असते. धंद्यातली ही पहिली शिकवण. उलटं केलं तरच सुलटं येतं. दिलदार हे शिकला तेव्हा त्याचा वस्ताद चकित झाला होता, कारण बाकीची पोरं सहा-सहा महिने डावं-उजवं घोळत बसायची आणि या पोराला ते जन्मतःच कळत असावं असं वाटे. जन्मतः नाही. सातव्या वर्षापासून.

बापाला सगळे डावरा गैबी म्हणायचे. जेवणाचा हात तेवढा उजवा, बाकी सगळं डावं. खांद्यावर चाक टाकून तो बाजार करत फिरायचा. गारगोटीला, आजऱ्याला, पाऊस नसला तर गगनबावड्यापर्यंतसुद्धा. विळे, सुऱ्या, शिंप्याच्या कात्र्या. सुरी दगडाला लागली की ठिणग्या त्याच्या डाव्या अंगाला उडायच्या, म्हणून सदऱ्याची डावी बाही सगळी टिपक्याटिपक्यांनी जळलेली असायची. त्याची धार चांगली होती. लोक धार लावून घ्यायचे आणि जाताना टवाळी करायचे, आणि गैबीही हसायचा, कारण बाजारात बसणाऱ्याला हसावंच लागतं. दिलदार एकदा त्याच्याबरोबर गारगोटीला गेला होता. एक बाई अडकित्ता घेऊन आली. लग्नघरचा होता, पितळी मोराचा. गैबीने तो घेतला, चाकाला लावला आणि बाईने एकदम हात पुढं केला. "थांबा पावणं. लग्नाचा हाय त्यो. डाव्या हाताची धार नगं." भांडण नाही, आवाज चढवणं नाही. गैबीने अडकित्ता परत दिला, वर हसून "बरं की" म्हणाला. मग बाजार उठेपर्यंत तो सगळ्यांशी नेहमीसारखा बोलला. दिलदार शेजारी बसून सुपारीएवढ्या एका खड्याने जमिनीवर रेघा काढत होता. डाव्या हाताने. बापाने ते पाहिलं.

एस्टीत बाप पोराच्या हाताकडं बघत राहिला. घरी आल्यावर त्याने चाकाची जुनी वादी कापली, तिचा एक तुकडा घेतला आणि पोराला जवळ बोलावलं. मदिनाबी म्हणाली, "आता काय काडलंसा हे?" तो म्हणाला, "माझं झालं ते झालं. ह्याला कुनी डावरा म्हनाय नगं." त्याने मनगटाला दोन वेढे दिले आणि कमरेमागं गाठ मारली. गाठ त्याने डाव्या हाताने मारली. पोराच्या डोळ्यांदेखत ती बोटं सफाईने फिरली, गाठ बसली, आणि ती जन्मात सैल पडली नाही. पुढं महिनाभरात दिलदार उजव्या हाताने लिहायला लागला. तेव्हाच कधीतरी त्याची जीभ अडायला लागली. एकदा बाप बाजाराहून आला आणि दारात धावत गेलेल्या पोराच्या तोंडातून 'अब्बा' निघेचना. नुसता 'अ' निघत राहिला, आणि बाप चाक खांद्यावर घेऊन तसाच उंबऱ्यात थांबला. वैद्याने उष्णता सांगितली. दगडाच्या भुकटीने बापाची छाती भरत गेली, खोकता खोकता तो गेला, आणि हात बांधण्याचा आणि जीभ अडण्याचा एकमेकांशी संबंध आहे असं घरात कधी कुणी म्हणालं नाही. दिलदारही म्हणाला नाही. त्याला फक्त ठाऊक होतं.

फिल्म धुवायच्या, लाल दिव्याच्या खोलीत मात्र त्याचं वेगळं राज्य होतं. तिथं दार लावून घेतलं की कुणी येत नसे. तिथं त्याचा डावा हात काम करायचा. ट्रे हलवणं, फिल्म धुणं, बारीक कुंचल्याने तिच्यावरची भोकं बुजवणं, सगळं डाव्याने. आणि तिथं तो स्वतःशी बोलायचा, घडाघडा, एकही अक्षर न अडता. कित्येकदा तर त्याने मदिनाबीला, शाळेतल्या बाईंना, गारगोटीच्या त्या बाईलाही तिथं उभं करून ऐकवलं होतं. मग दार उघडून बाहेर यायचा, डावा हात खिशात घालायचा, आणि हंबीररावांनी काही विचारलं की मान हलवायचा. माणूस असा दोन खोल्यांत वाटून राहिला तर त्याला सुखी म्हणावं की काय म्हणावं, कोण जाणे. दिलदारला तो प्रश्न पडत नसे. पडत नसे म्हणजे त्याने तो पडू दिला नव्हता.

दुपारी ब्लॉक झाला. तेजाबात जस्त खाऊन रेघा उभ्या राहिल्या, त्याने पत्रा धुतला, लाकडावर ठोकला, शाई फिरवून पहिला छाप काढला आणि कागद उचलून खिडकीपाशी नेला. धारवाला उजव्या हाताने सुरी धरून उभा होता.

त्याला आधी कळेचना. मग कळलं. फिल्म पालथी घालायची राहिली होती. ज्या चुकीवरून नव्या पोरांना शिव्या बसतात ती चूक, आणि तीही आज, या चित्राला. म्हातारी, चांभार, न्हावी, बाकी सगळे ब्लॉक बरोबर होते. त्याने आपला उजवा हात पाहिला. नखांत शाई, बोटांवर तेजाबाचे पिवळे डाग. याच हाताने फिल्म ठेवली होती, हे त्याला आठवलं. बाहेर, उजेडात, जिथं हा हात काम करतो तिथं. विसरला नसेल तो. ज्याला बांधून शिकवलं त्याला दुसरं काय येणार? डावरा दिसला की त्याला उजवायचं, एवढंच तो शिकला होता. आपण घरी पंधरवडाभर न पाहिल्यासारखं करत होतो तेव्हाही हाच हात भाताचा घास उचलत होता. दिलदारला स्वतःची भीती वाटली. खरीखुरी.

तेवढ्यात सयाजी मास्तर प्रुफं बघायला आले आणि त्यांनी त्याच्या हातातून कागद घेतला.

"झकास आलाय की."

"उ-उलटा झालाय."

"कुठं उलटा?"

दिलदारने मूळ चित्र पुढं केलं आणि सुरीवर बोट ठेवलं. मास्तरांनी एकदा इकडं पाहिलं, एकदा तिकडं, आणि ते हसायला लागले. "अरे लेका, म्हणजे तू सुलटा केलास त्याला. त्या काळचा माणूस तांब्याच्या पत्र्यावर डोळ्याला दिसंल तसंच कोरायचा. तुमच्यासारखी पलटी कोण मारतोय? मग पत्रा कागदावर दाबला की उजवं ते डावं. म्हणून ह्या छापांत बघंल तो डावखुरा. खरी माणसं तुझ्यामाझ्यासारखी. उजव्या हाताची."

"स-सगळी?"

"सगळी म्हणजे, एखादा असंल की डावखुरा. पण तो छापात उजवा दिसत असंल. त्याला आता वळखायचा कसा?"

हंबीरराव दारातून डोकावले. "चुकला असंल तर चुकू दे. चांगला दिसतोय नव्हं? जस्त काय फुकट येत न्हाय." मास्तर म्हणाले, बरोबर आहे, हाच ठेवा, हाच खरा. दोघं चहाला गेले. दिलदार पुस्तकापाशी उभा राहिला. सकाळी ज्या मुलुखात तो जाऊन आला होता तो मुलूख नव्हताच. म्हातारीची पळी उजव्या हातात होती, चांभाराची हातोडी उजव्या हातात, आणि तिथल्या आयांकडंही वाद्या असतीलच. सगळीकडं असतात. त्याने पानं चाळून तो एखादा शोधला, जो छापात उजवा दिसत होता. चरख्यावरची बाई. चाक उजव्या हाताने फिरवत होती, चेहरा खाली, ओठ मिटलेले. ती खरी डावरी असेल का? तिच्याकडं बघून सांगता येत नव्हतं. तिलाच ते ठाऊक असणार, आणि ती काही बोलत नव्हती.

त्याला वाईट वाटलं, आणि मग वाईट वाटण्याच्या पलीकडं जाऊन राग आला. मास्तरांचा नाही. खोटा तर खोटा, पण सकाळी दिसलेला बाप त्याला परत हवा होता. कपाटामागं जस्ताचा एक तुकडा पडला होता. त्याने तो घेतला, फिल्म उचलली आणि या वेळी डाव्या हाताने पालथी घातली. उजेडात, दार उघडं असताना. कुणी आलं नाही. संध्याकाळी गडी हात धुवायला गेले तेव्हा त्याने छाप काढला. गैबी शिकलगार डाव्या हाताने सुरी धरून उभा होता आणि डगल्याच्या बाहीवर, ठिणग्या उडतात तिथं, कोरणाऱ्याने खरंच बारीक टिपके टाकले होते. त्याने कागद वर्तमानपत्रात गुंडाळून सदऱ्याच्या आत घातला.

बाहेर श्रावणातली चिपचिप होती. घरी जाताना तो वाक्य जुळवत होता. 'तिचा हात सोडा' असं म्हणायचं होतं, पण 'त' त्याला नेहमी दगा द्यायचा. 'बांधू नका' म्हणावं तर 'ब' त्याहून वाईट. अडणाऱ्या माणसाला भाषेत अशा गल्ल्या शोधाव्या लागतात, हमरस्ता त्याच्या नशिबी नसतो. पापाच्या तिकटीवरून वळताना त्याला सापडलं. पोरीला मोकळं सोडा. 'प' सोपा होता, 'म' त्याहून सोपा. तो ते घोकत चालला. पोरीला मोकळं सोडा. चित्र पुढं टाकायचं, म्हणायचं, हे बघा, साता समुद्रापलीकडं याचं चित्र काढून ठेवलंय, पुस्तकात आलंय, आणि हा डावरा आहे. मास्तर काय म्हणाले ते घरी कुणाला कळणार आहे? आणि वाक्य आज म्हणायचंच. आज नाही तर मग तो लाल दिव्याच्या खोलीतच मरणार होता. रंकाळ्याकडून गार वारा येत होता आणि छातीशी धरलेला कागद मात्र ऊबदार झाला होता.

घरात शिरताच त्याला पहिल्यांदा खुंटी दिसली. खुंटीवर वादी लोंबत होती. कुलसुम कंदिलापाशी पाटी घेऊन बसली होती आणि तिचे दोन्ही हात मोकळे होते. त्याला इतका आनंद झाला की चपला काढायचं राहून गेलं. देवानेच ऐकलं, असं वाटलं. मग त्याने नीट पाहिलं. पेन्सिल उजव्या हातात होती. जीभ दातांत धरून ती 'क' काढत होती, चांगला गोल, शेपटासकट. डावा हात कमरेमागं होता. कुणी धरलेला नव्हता, कशाने बांधलेला नव्हता. आपल्या जागी जाऊन बसल्यासारखा तिथं होता.

"बग की, कसं लिवतीया," मदिनाबी म्हणाली. तिच्या आवाजात खोट नव्हती. पोरीचं भलं झालं होतं आणि ती खूश होती.

दिलदार लेकीजवळ बसला. वर्तमानपत्र उलगडून त्याने छाप तिच्यापुढं धरला. तिने पाटी खाली ठेवली आणि कागद उजव्या हातात घेतला.

"ह्यो कोन?"

"ध-धारवाला. त-तुझ्या गैबीदादासारखा."

तिने चाक पाहिलं, टोपी पाहिली, मागची घरं पाहिली. टोपीला ती थोडं हसली. मग तिची नजर सुरीवर गेली आणि तिथंच थांबली. "अब्बा, ह्यो डाव्या हातानं करतोय."

"व्हय."

कुलसुमने खुंटीकडं पाहिलं, दादीकडं पाहिलं, आणि पुन्हा चित्राकडं. आता तिला त्या माणसाची कीव आलेली दिसत होती. "ह्याला अ... अ... अम्मी न्हवती व्हय?"

मदिनाबी खळखळून हसली. मेहमुदालाही हसू आलं, तव्यावरची भाकरी उलटता उलटता ती म्हणाली, पोरगी लई शानी झालीया. त्या अडलेल्या अक्षराकडं दोघींचंही लक्ष नव्हतं. कुलसुमचंही नव्हतं, तिने कागद बाजूला ठेवला आणि पुन्हा पाटी घेतली. दिलदारच्या मनगटावरचा पट्टा खाजत होता. वाटभर घोकलेलं वाक्य त्याच्या तोंडाशी आलं आणि बाहेर पडलं, स्वच्छ, मोठ्याने, एकही अक्षर न अडता.

"पोरीला मोकळं सोडा."

मेहमुदाने चुलीपुढून वळून त्याच्याकडं पाहिलं. "सोडलंय की कवाच," ती म्हणाली. "आता कशाला बांधायचं?"